लेकीच्या मणक्याचं ऑपरेशन: त्या एका दिवसाबद्दल

शिवणटीप

इथे मी सहसा वाचायलाच येते. कशिदा आणि पाककृती सोडून आजवर काही लिहिलेलं नाही. पण गेल्या वर्षी लेकीचं मणक्याचं ऑपरेशन झालं, त्याच्या आदल्या रात्री मी मोबाईलवर मराठीत शोधत बसले होते की उद्या नक्की काय काय होणार. ऑपरेशन कसं करतात ते सापडलं, खर्च सापडला. बाहेर बाकावर बसलेल्या आईने काय करायचं ते कुठेच नव्हतं. म्हणून लिहितेय. लांबलंय, सवडीने वाचा.

आम्ही मालवणजवळचे. नवरा एसटीत, मी घरी शिवणकाम करते. मुलीला स्कोलिओसिस होता, म्हणजे मणका बाजूला वळलेला आणि पिळलेलाही. लक्षात आलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि बाक ५८ अंशांचा.

आता खरी लाज वाटण्याची गोष्ट सांगते. तिचे सगळे कपडे मीच शिवते. दीड वर्ष तिच्या कुर्त्याचा घेर उजवीकडे वर जायचा. आधी पाव इंच, मग अर्धा. मी काय केलं? घेर उसवला, उजवीकडे दुमड कमी घेतली, परत टीप मारली. कपडा सरळ दिसायला लागला. म्हणजे जे मला दिसायला हवं होतं ते मीच सुईदोऱ्याने झाकत होते. शाळेच्या गणवेशाचा उजवा मुंढाही वाढवला होता. तेव्हा वाटलं, बेतताना माझंच चुकतंय.

पुढे परसातल्या विहिरीवर ती वाकून कळशी उचलत होती, तेव्हा ओल्या झंपरातून पाठीचा उजवा भाग पंख्याच्या पात्यासारखा वर आलेला दिसला. आधी जवळच्या एका डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले दप्तराचं वजन आहे, पोहायला घाला. चार महिने त्यात गेले. मग कुडाळला एक्स-रे, तिथून मुंबई.

तयारीचं थोडक्यात. एमआरआय, फुप्फुसांची फुंकायची तपासणी, हृदयाची टूडी एको आणि रक्ताच्या दोनचार बाटल्यांची सोय. रक्तासाठी आमच्या वाडीतल्या चाकरमान्यांना कळवलं तर लालबाग-परळकडचं अख्खं भजनी मंडळ आलं. चार जणांचं घेतलं, बाकीच्यांना परत पाठवलं. पखवाज वाजवणाऱ्याचं हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याला अजून चिडवतात.

तो दिवस.

पहाटे साडेचारला उठवलं. औषधी साबणाने मानेखालून दुसऱ्यांदा आंघोळ, पहिली आदल्या रात्री झाली होती. रात्री बारानंतर खाणं बंद, साधं पाणी साडेपाचपर्यंत. सिस्टर म्हणाल्या, दोन वेण्या घाला, एक नको. पोटावर झोपवतात, डोकं मऊ उशीत खाली असतं, मागे गाठ नको. क्लिप, पिना, काही नाही. मी वेण्या घातल्या. माझे हात रोज कापड कापतात, कधी हलत नाहीत. त्या दिवशी भांग तीनदा चुकला.

नखांचं पॉलिश काढायला सांगितलं होतं, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात म्हणून. हाताचं काढलं. कमरेचा काळा दोरा सिस्टरनी कात्रीने कापून माझ्या हातात दिला. तो देवळातून आणलेला होता. मी काही बोलले नाही, पण मुठीत धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

संमतीपत्र आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. त्यात जंतुसंसर्ग, रक्तस्राव, मणक्यात बसवलेले स्क्रू हलणं, आणि एक ओळ पायांतली ताकद जाण्याची. डॉक्टरांनी ती ओळ टाळली नाही, बोट ठेवून वाचून दाखवली. शक्यता कमी असते, पण शून्य नाही, म्हणाले. नवऱ्याने सही केली. वीस वर्षं तिकिटांचा हिशोब लिहिणारा माणूस, आणि आडनावातलं एक अक्षर खाल्लं त्याने. परत करावी लागली.

सात चाळीसला आत नेलं. मला दाराच्या पुढच्या पट्टीपर्यंत जाऊ दिलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "आई, मोबाईल चार्जिंगला लाव, आणि माझे मेसेज वाचू नकोस." दार लागलं.

पहिला दीड तास काहीच कळत नाही. भूल, सलाइन, लघवीची नळी, डोक्याला आणि पायांना वायरी जोडणं, मग पोटावर वळवणं, यातच वेळ जातो. प्रत्यक्ष कापायला सुरुवात सव्वानऊला झाली, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही मात्र पावणेआठपासून घड्याळ धरून बसलो होतो. पुढच्यांना सांगते, डॉक्टर "पाच तास" म्हणाले तर तुम्ही आठ धरा.

नऊच्या सुमाराला गावाहून दिरांचा व्हॉट्सॲपवर आवाज आला. मी न बघता दाबलं, आणि त्या शांत एसी हॉलमध्ये घंटा आणि गुरवाचं गाऱ्हाणं मोठ्याने सुरू झालं. "बा देवा म्हाराजा... ह्या चेडवाच्या पाठीत जा काय वाकडा-तिकडा आसात ता सरळ कर..." आणि मागून दहा-बारा गळ्यांतून "व्हय म्हाराजा!" सगळे वळून बघायला लागले. मी बंद करायला गेले तर समोरच्या बाकावरच्या एक मुस्लिम आजी म्हणाल्या, "राहू दे बेटी, पूरा होने दे." पूर्ण झालं. त्यांच्या नातवाच्या पायाचं ऑपरेशन होतं.

ननंदेने डोंबिवलीहून डबा दिला होता, घावणे आणि चटणी. तो मी उघडला नाही. नवरा कँटीनमध्ये जाऊन दोन वडापाव खाऊन आला. मला इतका संताप आला की मी त्याच्याशी तासभर बोलले नाही. आता वाटतं शहाणा तोच होता. रात्री आयसीयूबाहेर तोच उभा राहू शकला, मला भोवळ आली.

बारा दहाला माईकवर मुलीचं नाव पुकारलं. "नातेवाइकांनी काउंटरवर यावे." बाकापासून काउंटरपर्यंत वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत मी काय काय बघितलं ते इथे लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलीने एक चिठ्ठी दिली, औषधाच्या दुकानातून दोन पाकिटं आणायची होती, जखमेवर लावायची पट्टी. बस. माझी एवढीच तक्रार आहे त्या दिवसाबद्दल. अहो, पुकारताना "काळजीचं काही नाही, औषध हवंय" एवढं तरी म्हणा.

दीडला एक डॉक्टर बाहेर आले. १८ स्क्रू बसले, मणका सरळ धरणाऱ्या दोन्ही सळ्या बसल्या, पायांपर्यंतचे सिग्नल व्यवस्थित आहेत, आता हाड लावून शिवायचं. शिवायचं म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. ते काम मला कळतं.

तीन वीसला ट्रॉली बाहेर आली आणि मी लेकीला ओळखलं नाही. चेहरा सुजून भाकरीसारखा, डोळे फटीएवढे, ओठ जाड. पाचसहा तास पालथं झोपवल्यावर चेहऱ्यावर पाणी उतरतं, दोन दिवसांत ओसरतं. हे कोणीच आधी सांगितलं नव्हतं. या धाग्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा.

डॉक्टर तिच्या कानाशी वाकून म्हणाले, पाय हलव. चादर वर घेतली. उजव्या पायाचा अंगठा हलला. मग डावा. हाताच्या नखांचं काढलं होतं, पायाचं राहून गेलं होतं. अंगठ्यावर अर्धवट उडालेलं जांभळं पॉलिश, आणि ते हलतंय. मी तेवढंच बघत राहिले.

बाकीचं प्रश्न आले तर लिहीन.

---

माडाखालचा

वाचतोय. काउंटरवरचं पुकारणं अगदी अगदी. आमच्या वडिलांच्या बायपासला "ताबडतोब या" म्हणून बोलावलं आणि पार्किंगमधली गाडी हलवायला सांगितली.

---

अनुची_आई

ताई, नमस्कार. आम्ही गुहागरचे. मुलगी १४ वर्षांची, ५२ अंश, पुढच्या महिन्यात तारीख मिळेल. तुमचा लेख दोनदा वाचला. खूप प्रश्न आहेत, एकेक विचारते. पाळी त्याच दिवशी आली तर ऑपरेशन पुढे ढकलतात का? हे डॉक्टरांना विचारायला माझे मिस्टर लाजतात आणि मी गेले तेव्हा विसरले. आणि राहायचं कुठे? मुंबईत आमचं जवळचं कोणी नाही.

---

वाटेवरचा_सह्याद्री

ऑपरेशनची एवढी घाई का करतात लोक? आमच्याकडे एक मालिशवाले आहेत, मणका बसवून देतात. योगासनांनीही फरक पडतो. मुलीच्या पाठीत आयुष्यभर लोखंड कशाला?

---

कणा_सरळ (फिजिओथेरपिस्ट, रत्नागिरी)

@वाटेवरचा_सह्याद्री, लोखंड नाही, बहुधा टायटॅनियम असतं. आणि ५८ अंशांचा बाक मालिशने बसत नाही. मणका निखळलेला नसतो, तो वाढतानाच वळलेला असतो, बसवायचं काय? वाढत्या वयात जोर लावून कडकडा मोडणाऱ्यांकडे मुलं नेऊ नका, एवढं कळकळीने सांगतो.

जरा सविस्तर लिहितो, कारण हे कोकणात फार उशिरा लक्षात येतं. वयात येताना होणाऱ्या या बाकाचं नेमकं कारण बहुतेक वेळा सापडत नाही. दप्तर, वाकून बसणं, आईने कडेवर एकाच बाजूला घेणं, यातलं काहीही कारण नाही. तेव्हा शिवणटीप ताई, ते अपराधीपण आधी उतरवा. मोठे बाक मुलींमध्ये मुलांपेक्षा बरेच जास्त दिसतात. कोन मोजण्याची पद्धत अमेरिकन डॉक्टर कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली, म्हणून त्याला कॉब अँगल म्हणतात. ढोबळमानाने २५ ते ४० अंश आणि वाढ शिल्लक असेल तर पट्टा, म्हणजे ब्रेस. ४५-५० च्या पुढे गेला तर ऑपरेशनचा विचार, कारण एवढा मोठा बाक वाढ थांबल्यावरही हळूहळू वाढत राहू शकतो.

पट्ट्याबद्दल लोक नाक मुरडतात. २०१३ साली अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात स्पष्ट दिसलं की पट्टा जितके तास जास्त घातला तितके ऑपरेशन टळलेले जास्त. दिवसाला १३ तासांच्या आसपास किंवा वर घालणाऱ्या मुलांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा बाक ५० च्या आत राहिला. कोकणच्या उकाड्यात मे महिन्यात १३ तास पट्टा म्हणजे काय, हे मलाही कळतं. आतून सुती बनियन, शिवण उलटी करून.

व्यायामाला माझा विरोध नाही, माझं पोटच त्यावर आहे. लहान बाकात खास व्यायामांचा उपयोग होतो, दम आणि ताकद सुधारते. पण ५८ चा ० होत नाही.

घरच्या घरी बघायचं असेल तर मुलाला पाय जुळवून, हात जोडून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा. तुम्ही मागून पाठीच्या पातळीत डोळे आणून बघा. एक बाजू उंच दिसली तर एक्स-रे. दहा ते चौदा वयात सहा महिन्यांनी एकदा. मिनिटभर लागतं.

---

वाटेवरचा_सह्याद्री

मी माझा अनुभव सांगितला. माझी कंबर बसवली होती त्यांनी.

---

कणा_सरळ

तुमची कंबर चाळिशीतली, उसण भरलेली. ती आठवड्यात आपोआपही जाते. असो.

---

शिवणटीप

@अनुची_आई, पाळीचं मीच विचारलं होतं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्यासाठी सहसा रद्द करत नाहीत, फक्त आधी कळवा. आणि गंमत म्हणजे तिला खरंच दुसऱ्या दिवशी आयसीयूत आली. ताणाने मागेपुढे होतं म्हणे. पॅड आणि दोन सैल, पुढून बटणं असलेले गाऊन बॅगेत ठेवा. पॅंटचा इलॅस्टिक जखमेच्या खालच्या टोकावर घासतो, म्हणून मी नाडीच्या शिवल्या. माप कळवलंत तर तुमच्यासाठीही शिवून कुरिअर करीन. पैसे घेणार नाही, भांडू नका.

राहण्याचं हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा, त्यांच्याकडे जवळच्या धर्मशाळांची यादी असते. तिथेच आरोग्यमित्राचं टेबल असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दलही विचारा. रेशनकार्ड आणि आधार, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते, नंतर धावपळ करून काही होत नाही. तारीख धरतानाच हे विचारा. आम्ही चार दिवस आधी विचारलं, केवळ नशिबाने निभावलं.

---

डोंबिवलीकर_मूळ_राजापूर

पायांना वायरी जोडतात ते काय असतं? ऑपरेशन पाठीचं ना?

---

कणा_सरळ

मेंदूपासून पायापर्यंतचा निरोप नीट पोचतोय का, ते ऑपरेशनभर बघत राहतात. डोक्यावर बारीक विजेचा झटका देतात आणि पायाचा स्नायू दाद देतो का ते पडद्यावर दिसतं. सळी ताणताना निरोप कमजोर झाला तर लगेच थांबतात, ताण कमी करतात. हे तंत्र नव्हतं तेव्हा पेशंटला ऑपरेशनच्या मध्येच अर्धवट जागं करून पाय हलवायला सांगायचे. अजूनही शंका आली तर तसं करतात. पेशंटला नंतर सहसा काही आठवत नाही.

---

आबा_वेंगुर्लेकर

गो बाय, तुझा लिवलेला वाचलंय. त्या म्हातारेन "पूरा होने दे" म्हटल्यान थय डोळ्यात पाणी इला. माका एक सांग, चेडू आता कसा आसा? शाळेत जाता मा? आणि गाऱ्हाण्याक जे हसतत ते हसांदेत.

---

शिवणटीप

आबा, बरा आसा. क्रमाने सांगते, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

पहिली रात्र तहानेची. पाणी देत नाहीत, ओला कापूस ओठांवर फिरवायचा. ती मला म्हणाली, "सोलकढी दे." नर्सला ते काय असतं ते समजावण्यात माझी दहा मिनिटं बरी गेली. कूस बदलायची तर ओंडका लोळवतात तसं, खांदा आणि कंबर एकदम, दोघीतिघींनी मिळून. दुसऱ्या दिवशी बसवलं, पांढरीफटक पडली, परत आडवी. तिसऱ्या दिवशी दारापर्यंत चालली. वेदनेच्या औषधाने पोट घट्ट होतं. पाच दिवस शौचाला नाही, आणि खरं सांगते, तिच्या पाठीपेक्षा जास्त ती त्याने रडली. पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध मागून घ्या, लाजू नका.

सहाव्या दिवशी सोडलं. पंधरा दिवस ननंदेकडे राहिलो, मग सकाळच्या मांडवी एक्स्प्रेसने खालचा बर्थ घेऊन गावाला. गाडीने आणा असं सगळे म्हणत होते. मी म्हटलं, हायवेवरचे खड्डे तुम्ही मोजा, आम्ही रेल्वेने येतो. कुडाळला उतरल्यावर रिक्षावाल्याने घरापर्यंत बैलगाडीच्या वेगाने आणलं आणि मागच्या एसटीचा हॉर्न ऐकून घेतला.

सहा आठवड्यांनी शाळा, पुस्तकं दोन संच, एक घरी एक वर्गात. वाकणं, पिळणं, जड उचलणं सहा महिने बंद. कळशी आता तिचा बाप उचलतो. ज्या भागात सळ्या आहेत तो भाग कायमचा वाकत नाही, पण चपला घालता येतात, खालून पडलेली सुई गुडघे मोडून उचलून देते.

उंची ऑपरेशन टेबलावरच चार सेंटिमीटर वाढली. घरी आल्यावर तिने तो जुना कुर्ता मागितला, ज्याचा घेर मी उसवून सरळ केला होता. अंगात घातला तर उजवीकडे अर्धा इंच खाली लोंबत होता. आम्ही दोघी आरशात बघत राहिलो. ती म्हणाली, "आई, हा वाकडा शिवलायस." मग मी परत उसवला.

---

माडाखालचा

...

काही लिहवत नाही. पुढे लिहीत राहा.

---

अनुची_आई

ताई, तारीख आली. दोन वेण्यांचं लिहून ठेवलंय, साधे कापडी रबर घेतलेत. माप व्यक्तिगत निरोपात पाठवलंय. पायाच्या नखांचंही पॉलिश काढू ना?

---

शिवणटीप

नियमाने काढायचं. मी सांगणार नाही राहू द्या म्हणून.

---

आबा_वेंगुर्लेकर

गुहागरच्या चेडवासाठी आमी हय गाऱ्हाणा घालतलंव. नाव हय लिवू नको, देवाक नाव-पत्तो लागणा नाय. फक्त दिवस सांग.

---

अनुची_आई

मंगळवार, आबा.

---

अनुची_आई

आठला नेलं होतं, पावणेचारला बाहेर आणलं. दोन्ही पाय हलवले. चेहरा सुजलाय, तुम्ही लिहिलं होतंत म्हणून मी घाबरले नाही, मिस्टर घाबरले, त्यांनी धागा वाचला नव्हता. डबा खाल्ला. नाडीची पँट निळी आधी वापरते. सिस्टर बोलावतायत, बाकी नंतर.